फरशीमागची ओल

कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात मी भाडेकरार टाइप करते. घरमालक आणि भाडेकरू जोडीने येतात, एकमेकांना चहा पाजतात, "आपलंच घर समजा" म्हणतात, आणि मी नावं-पत्ते बदलून तोच कालचा मजकूर त्यांच्या हातात ठेवते. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी, मोठी दुरुस्ती मालकाने करावी. हे वाक्य माझी बोटं माझ्याशिवाय टाइप करतात. अकरा महिन्यांनी त्यातले काही परत येतात, तेव्हा एक जण बाकड्याच्या या टोकाला बसतो आणि दुसरा रस्त्यावर उभा राहतो. मधल्या काळात नळ गळलेला असतो, नाहीतर छत. किरकोळ कशाला म्हणायचं आणि मोठी कशाला, ते कुठल्याच करारात नसतं. कुणी विचारलंच तर मी सांगायची, "ते तुम्ही आपसात बघायचं."

आपसात बघायचं म्हणजे काय, ते मला माझ्याच घरात कळलं.

नदीच्या अंगाला उतरत जाणाऱ्या एका गल्लीत मी तळमजल्याच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वर मालकीणबाई एकट्याच राहायच्या. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, मीही म्हणू लागले. मुलगा बिद्रीकडे नोकरीला, सणावाराला यायचा. खोली बघायला गेले तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती भिंतींची फरशी. न्हाणीत, ओट्यामागे फरशी असते, पण इथे झोपायच्या खोलीतही चारी भिंतींना छातीपर्यंत आकाशी फरशी होती, गुळगुळीत, चकचकीत. मला आवडली. रंगाचे पोपडे नाहीत, फडकं मारलं की झालं.

"पुरानंतर बसवून घेटली," काकू म्हणाल्या. "पुन्हा पाणी आलं तर पाइप मारायचा, धुवून मोकळं."

गल्लीत बहुतेकांनी तेच केलं होतं. पूर ओसरल्यावर भिंतींवर मातकट रेघ राहिली होती, त्या रेघेच्या वर एक वीत धरायची आणि तिथवर फरशी लावायची. गल्ली उताराची, त्यामुळे वरच्या टोकाला फरशी गुडघ्याएवढी आणि नदीकडच्या घरात दाराच्या चौकटीला भिडलेली. कुणाच्या घरात पाणी कुठवर चढलं होतं ते पाव्हण्याला विचारावं लागत नसे. आणि सगळ्यांना घाई एकच होती, घट बसायच्या आत घर व्हायला पाहिजे. देव मांडायचे तर चिखलाच्या भिंतीपुढे कसे मांडायचे? म्हणून नवरात्राच्या आत गवंडी लावून सगळ्यांनी फरशा बसवून घेतल्या. भिंत आतून वाळली आहे का, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा मी फक्त फरशीवर हात फिरवला आणि खोली पक्की केली.

वर्षभरात आई माझ्याकडे आली. गडहिंग्लजला भावाचं दुकान आहे, घर दुकानाच्या वरच. वडील गेल्यावर आई तिथेच होती आणि तिथे तिचं काही वाईट चाललं नव्हतं. पण सकाळी सगळे खाली दुकानात उतरले की वर ती आणि भांडी एवढंच उरायचं. गुडघ्याचा डॉक्टर कोल्हापुरात चांगला मिळाला, या निमित्ताने मी तिला आणलं आणि निमित्त संपलं तरी पाठवलं नाही. मी चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. संध्याकाळी कुलूप न काढता घरात शिरायला मिळणं, आतून कुणीतरी "आलीस व्हय?" म्हणणं, याची मला फार लवकर सवय लागली. ती मोडायची माझी तयारी नव्हती, हे सरळ सांगते.

आईचं आणि काकूंचं बघता बघता जमलं. आई सीमेकडची, तिच्या तोंडी मराठीत कन्नड मिसळलेलं. ती काकूंना अक्का म्हणायची, आणि बोलण्याच्या भरात कन्नडमध्ये शिरली तरी काकू मान हलवत राहायच्या. सकाळची कामं आटोपली की आई काठी घेऊन जिना चढायची. वर गॅलरीत दोघींची शेंगा फोडणं, चवळीच्या शेंगा निवडणं, गल्लीतल्या सुनांची हजेरी घेणं चालायचं. दुखऱ्या गुडघ्याने आईनंच वर जायचं, काकू कधी खाली यायच्या नाहीत. तो त्यांचा नेम होता. "भाडं घेटलं की ते घर त्येंचं. मालकानं भाडेकरूच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकू न्हाई," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. आमच्या व्यवसायात मी इतके मालक बघितले आहेत, स्वतःच्या किल्लीने दार उघडून फ्रिजमध्ये डोकावणारे, की मला या नेमाचं कौतुकच होतं.

आषाढ सरला नि पाऊस काही सरेना. एके दिवशी जिथे फरशी संपते आणि रंग सुरू होतो, तिथे बारीक काळे ठिपके दिसले. पुसले, गेले. चार दिवसांनी परत आले, जास्त आले. कपाट ओढलं तर मागची भिंत हिरवट काळी पडलेली, हात लावला की बोटाला चिकटणारी. आईच्या इरकली लुगड्यांच्या घडीवर पांढरे डाग. उशीला कुबट वास. मी दर रविवारी तोंडाला ओढणी बांधून ब्लीचच्या पाण्याने भिंत घासायची, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आई पलंगावरून आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत म्हणायची, "साकु. पुरे कर आता, तुझे हात सोलवटतील."

आईचा श्वास बिघडलाय हे मला तिच्या पूजेवरून कळलं. सकाळी अंघोळ झाली की ती डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसते आणि लिंगायत संतांचं एक कन्नड वचन म्हणते. लहानपणापासून ऐकत आलेय, ते एका दमात म्हणायचं असतं असाच माझा समज होता. त्या सकाळी ती मध्येच थांबली. पुढचं विसरली असेल असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशीही ती तिथेच थांबली, तोंड उघडं ठेवून, आणि छातीतून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला. तिसऱ्या दिवशी तर दोनदा.

मी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छाती तपासून विचारलं, "घरात ओल आहे का?"

"पावसाळ्यात कोल्हापुरात कुणाच्या घरात नसते?" मी म्हणाले.

"कोल्हापूरचं राहू द्या. तुमच्या घरात आहे का?"

आहे म्हटल्यावर त्यांनी फवाऱ्याचं औषध दिलं आणि सांगितलं की, औषधाने दम कमी होईल, पण ती त्याच भिंतीशेजारी झोपत राहिली तर औषध सुटणार नाही आणि एक दिवस त्याने भागणारही नाही. आई शेजारी बसून हे सगळं ऐकत होती. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते हे, "अक्काला काय बोलू नको."

मी बोलले. मात्र रीतसर, आवाज न चढवता. काकू नेहमीप्रमाणे जिन्याच्या वरच्या पायरीवर, मी खाली.

"काकू, भिंतीला बुरशी धरलीय. जरा बघा की येऊन."

"अगं, तुमी कापडं आत वाळत घालताय. खिडक्या बंद. आंघोळीच्या पाण्याची वाफ आतच कोंडतीय. मग बुरशी न्हाई तर काय धरंल? माझ्याकडं वर हाय का बघ कुठं."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात आलं. पण खरं सांगायचं तर त्यांचं पुष्कळ बरोबर होतं. पावसात कपडे कुठे घालणार म्हणून खोलीत दोऱ्या बांधल्या होत्या. डासांमुळे खिडकी कायम लावलेली. कपाट भिंतीला घट्ट चिकटवलेलं. माझ्या दुकानात भाडेकरू तावातावाने मालकाचा उद्धार करतात तेव्हा मला कळतं की यांनी स्वतः कधी खिडकी उघडलेली नाही. तेव्हा म्हटलं, आधी आपली बाजू धुवून घेऊ. दोऱ्या सोडल्या, कपडे बाहेर पत्र्याखाली नेले, दोन दोन दिवस वाळेनात तरी तिथेच ठेवले. खिडकीला जाळी मारून घेतली आणि ती दिवसरात्र उघडी ठेवली. न्हाणीला वाफ ओढणारा पंखा बसवला. कपाट पुढे ओढलं, त्यामुळे खोलीत जाता-येता अंग चोरावं लागायचं, पण ओढलं. किरकोळ म्हणतात त्यातलं जे जे सुचलं ते सगळं केलं.

गणपती गेले, ठिपके राहिले. उलट आता ते फरशीच्या सांध्यांतूनही डोकावायला लागले. माझं करून झालं होतं, पुढचं माझ्या हातात नव्हतं, आणि आई पुन्हा पुन्हा बजावत होती की अक्काला बोलायचं नाही. म्हातारपणी एक मैत्रीण मिळाली आहे, ती भिंतीपायी घालवू नकोस, असाच मी त्याचा अर्थ लावला आणि गप्प राहिले. भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं.

मग काकू जयसिंगपूरला बहिणीकडे बारशाला गेल्या आणि दोन-चार दिवस तिथेच राहिल्या. त्यातल्याच एका दिवशी दुपारी मी कागद विसरले म्हणून घरी आले. दार नुसतं ओढून घेतलेलं, आई घरात नाही. हाका मारल्या. उत्तर आलं जिन्यावरून. वर गेले तर काकूंच्या दाराला हे मोठं कुलूप आणि त्या कुलपासमोर, वरच्या पायरीवर, आई भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर काठी.

"इथं काय करतीयास? काकू नाहीत ना."

"वारं हाय इथं," आई म्हणाली.

एवढंच म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या छातीतला आवाज बंद आहे. घरात पाण्याचा पेला उचलतानाही येणारा तो आवाज इथे येत नव्हता. ती रोज दुखरा गुडघा ओढत वर का येत होती ते मला तिथे कळलं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग मोठा होता.

काकू परतल्या त्या संध्याकाळी मी जिन्याखाली उभी राहिले. रीतसर बोलायचं संपलं होतं.

"काकू, माझं जे होतं ते मी केलं. आता भिंत तुमची आहे. ती फोडा, नाहीतर काय करायचं ते करा."

"चांगली फरशी फोडू? डोकं ठिकाणावर हाय का? पटत नसंल तर खोली सोड की."

"सोडते. पण एक सांगते. आई तुमच्याकडं गप्पा मारायला येत नाही. ती श्वास घ्यायला येते. तुम्ही नसताना तुमच्या कुलपासमोर बसली होती."

काकू आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दाराचा आवाज झाला नाही, हळूच लावलं. वळून बघते तर आई आमच्या उंबऱ्यात उभी.

ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. रात्रीची भाकरी खाल्ली, पिशवी भरली आणि म्हणाली, "सकाळच्या गाडीला बसवून दे." मी विनवलं, दुसरी खोली बघते म्हणाले. ती म्हणाली, "अक्काला जे सांगायचं हुतं ते माझं हुतं. तू का सांगितलंस?" स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीत तिला बसवलं तेव्हा तिने खिडकीतून माझ्या गालावरून हात फिरवला, पण परत येते म्हणाली नाही. मी जे बोलले ते पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. तरी त्या संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरताना मला घर नकोसं झालं.

काकू माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मी दुसऱ्या खोल्या बघायला लागले. एका रविवारी भिंत घासत असताना दारात सावली पडली. काकू उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं. स्वतःच्याच घरात.

त्या आल्या, मधोमध उभ्या राहिल्या. "तुझी आई निजत कुठं हुती?" मी पलंग दाखवला. त्या पलंगावर बसल्या, मग भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या, चांगल्या लांब, डोळे मिटून. मी काय करावं न कळून हातात घासणी धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने उठल्या. पदराने नाक पुसलं.

"एवढा वास येतुय, आणि ती मला एका शब्दानं बोलली न्हाई," म्हणाल्या.

"तुम्ही कधी खाली आला नाहीत," मी म्हणाले. खोचून नाही, सहज तोंडातून गेलं.

"न्हाई आलो," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, त्यातच माझा चांगुलपणा हाय."

दसरा-दिवाळी होऊन गेली तसा त्यांनी गवंडी आणला. पलंगामागची पहिली फरशी निघाली तेव्हा मागचा गिलावा तिच्यासोबत गळून आला, ओला, काळपट, आणि खोलीभर वास पसरला. तो वास गल्लीतल्या कुणालाही सांगावा लागला नसता. पूर ओसरल्यावर महिनाभर तोच होता. बाहेर गटाराशी ढीग साठला तशा शेजारणी जमल्या. "चांगली फरशी फोडतीयास? पुढच्या पुराला काय करशील?" कुणी म्हणालं, भाडेकरणीच्या नादी लागली. काकूंनी कंबरेवर हात ठेवून सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "भिंत माझी हाय."

चारी भिंती छातीपर्यंत सोलून तशाच ठेवल्या. लगेच गिलावा करायचा नाही, उन्हाळ्यापर्यंत विटा उघड्या ठेवायच्या, असं ठरलं. मी दुसऱ्या खोल्या बघायचं थांबवलं आणि स्वयंपाकघरात निजू लागले. रोज केर काढताना विटांची भुकटी निघायची, भांड्यांवर, अंथरुणावर, केसांत. दारं-खिडक्या उघड्या ठेवायचं काम माझं. मी कामावर गेले की दुपारी काकू येऊन बसायच्या, म्हणजे दार उघडं राहील. तेवढ्यापुरता त्यांनी आपला नेम मोडला होता.

संध्याकाळी त्या विचारायच्या, "आईचं काय? बरी हाय का?" रात्री फोनवर आई विचारायची, "अक्काचं काय? जेवती का येळेवर?" एकमेकींना फोन मात्र दोघींपैकी कुणी करत नव्हतं. गडहिंग्लजला आईला दम लागायचा पार थांबला होता, वचन एका दमात म्हणत होती, भावजय तसं कौतुकाने सांगायची. तिकडेच ती बरी आहे, आता कशाला येईल, असं मी स्वतःला समजावायला लागले होते.

उन्हाळ्यात गिलावा झाला, चुना मारला. पांढरी, साधी भिंत, हात लावला की कोरडी. मी फोनवर तसं सांगितलं. आई नुसतं "बरं" म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात कुणालाही न कळवता भावाच्या गाडीतून येऊन दारात उभी राहिली.

रात्री ती तिच्या जागी, त्याच भिंतीशेजारी झोपली. मी जागी राहून कान देऊन ऐकत होते. काहीच ऐकू येईना, म्हणून उठून नाकाशी हात धरून बघितलं. संथ श्वास चालू होता. सकाळी वचन सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता झालं.

मग तिने काठी घेतली. गुडघा आता जास्तच दुखत होता, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत थांबत गेली. काकू वर दारात उभ्या होत्या. मी खाली कपडे वाळत घालत होते, दोघी काय बोलतात ते सगळं ऐकू येत होतं.

"एवढ्या पायऱ्या कशाला चढलीस?" काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने आवाज खाली आणून विचारलं, "तू वाऱ्यासाठीच यायचीस व्हय गं वर?"

"व्हय," आई म्हणाली. "खोटं कशाला सांगू? पहिल्यांदा वाऱ्यासाठीच आलो."

काकूंनी पाट पुढे सरकवल्याचा आवाज आला. आई बोलता बोलता थांबली होती ती दम खायला नाही, तिला फक्त शब्द जुळवायचे होते.

"आता खाली वारं चांगलं हाय अक्का," ती म्हणाली. "तरी आलोच की."